गादी सोपवल्यानंतरची सकाळ

व्यापाऱ्याला निवृत्तीची तारीख नसते. नोकरदाराच्या आयुष्यात एक ठरलेला दिवस येतो. कार्यालयात निरोपाचा समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते, चार भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवसापासून घड्याळ सैल होते. दुकानदाराला असा दिवस कोणी नेमून देत नाही. आधी बिलाचा संगणक मुलाच्या हाती जातो. मग मालाची मागणी मोबाइलवरून परस्पर जाऊ लागते. पुढे बँकेतील सहीचे अधिकार बदलतात. गादी तीच असते, गादीवर बसणारेही तेच असतात; मात्र भाव विचारायला येणारा माणूस शेजारच्या खुर्चीकडे वळू लागतो. “बाबा, तुम्ही निवांत बसा, मी बघतो,” हे वाक्य मुलाने प्रेमानेच उच्चारलेले असते. तरीही चाळीस वर्षे ज्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, त्याला त्या दिवशी रिकाम्या कमरेचे वजन जाणवते.

पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, तळेगाव आणि चाकण या पट्ट्यातील अनेक जैन घरांत आज ही अवस्था आहे. त्यातच एक नवा प्रश्न उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे. एक मुलगा बंगळूरला, दुसरा परदेशात. किंवा मुलगा गावातच, पण सून-मुलगा दोघेही दिवसभर बाहेर. अशा वेळी आई-वडिलांनी ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीत राहायला जावे काय? हा प्रश्न बहुतेक घरांत मोठ्याने विचारला जात नाही. विचारलाच, तर त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : समाज काय म्हणेल?

आनंद श्रावकाचा निरोप

समाजाच्या मनातील या प्रश्नाला आगमात एक फार जुने उदाहरण आहे. सातवे अंगसूत्र ‘उपासकदशांग’ हे भगवान महावीरांच्या दहा गृहस्थ उपासकांचे चरित्र सांगते. त्यांतील पहिला, वाणिज्यग्रामाचा आनंद गाथापती. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्याजात, चार कोटी घरसंसारात. दहा-दहा हजार गायींचे चार गोवर्ग. पाचशे नांगर, मालवाहतुकीच्या आणि प्रवासाच्या पाच-पाचशे गाड्या. राजापासून सार्थवाहापर्यंत सारे त्याचा सल्ला घेत असत.

श्रावकव्रते घेऊन चौदा वर्षे लोटली. पंधराव्या वर्षी एका रात्री धर्मजागरण करताना त्याच्या मनात आले की, इतक्या लोकांचा आधार होऊन बसल्यामुळे आपल्याला साधनेत पुरते लक्ष घालता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आप्तेष्टांना बोलावून जेवू घातले, सर्वांसमक्ष ज्येष्ठ पुत्राकडे कुटुंबाचा भार सोपवला आणि सांगितले की, यापुढे कोणत्याही व्यवहारात मला विचारू नका आणि माझ्यासाठी स्वयंपाकही करू नका. नंतर तो कोल्लाग सन्निवेशातील ज्ञातृकुळाच्या पौषधशाळेत राहायला गेला.

या कथेतील तीन गोष्टी आजच्या कुटुंबाने नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली : निर्णय आनंदाने स्वतः घेतला, मुलाने त्याला पाठवले नाही. दुसरी : कोल्लागमध्ये त्याचे मित्र आणि नातेवाईक राहत होते; तो परक्या मुलखात गेला नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : तेथे त्याला करण्यासारखे काम होते. श्रावकाच्या अकरा प्रतिमांचे अनुष्ठान त्याने तेथे केले. त्याच्या अवधिज्ञानाविषयी गौतमस्वामींना शंका आली, तेव्हा भगवंतांनी गौतमस्वामींनाच त्याची क्षमा मागायला पाठवले. घर सोडलेल्या त्या गृहस्थाचा शब्द वाया गेला नाही.

दिगंबर परंपरेतील अकरा प्रतिमांमध्ये दहावी प्रतिमा अनुमतित्यागाची आहे. घरच्या आणि धंद्याच्या कामात संमती किंवा सल्ला देणे स्वखुशीने थांबवावे, असा तिचा अर्थ. म्हणजे ‘मला विचारू नका’ हे म्हणणे ही परंपरेत चढलेली पायरी आहे. ‘आता कोणी विचारत नाही’ हा अनुभव मात्र घसरल्यासारखा वाटतो. दोन्हींत बाहेरून दिसणारी स्थिती एकच. फरक एवढाच की पहिल्यात माणसाने पुढचे काम आधी निवडलेले असते.

कारखान्यांच्या गावाचे वय

या भागात हा प्रश्न आताच का उभा राहिला, याचे उत्तर गावाच्या इतिहासात आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. साठच्या दशकात टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून असंख्य लहान कारखाने आले. १९७० मध्ये नवनगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि पुढच्या दशकात चाकणचे रूपच पालटले.

जैन व्यापारी या कारखान्यांच्या आधीपासून येथे होता. चिंचवडचे श्री जैन विद्या प्रसारक मंडळ १९२७ पासून शिक्षणाचे काम करीत आले आहे. किराणा, कापड, भांडी, सराफी अशी दुकाने आधी खेड्यांच्या पेठांत होती. वसाहती वाढल्या तशी ती कामगारांच्या वस्त्यांत गेली. पगाराच्या तारखेवर उधारीची वही चालत असे. पुढे हार्डवेअर, पोलाद, यंत्रांचे सुटे भाग, वाहतूक असे व्यवसाय त्यात मिसळले.

त्या काळी हे गाव तरुणांचे होते. १९७२ साली पंचविशीत असलेला माणूस २००७ साली साठीचा झाला. कामगार असो वा दुकानदार, एक सबंध पिढी साधारण एकाच सुमारास म्हातारी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती. म्हणजे दर दहा माणसांत जवळजवळ एक. निगडी प्राधिकरणाच्या बागांत सकाळी फिरणाऱ्यांकडे पाहिले, तर हा आकडा डोळ्यांनी मोजता येतो.

‘अथ’ आणि ‘इति’

वृद्धाश्रम हा शब्द आपल्या कानाला कठोर वाटतो. निराधारांना आसरा देणाऱ्या संस्था पुण्यात एकोणिसाव्या शतकापासून आहेत. नवी पेठेतील ‘निवारा’ ही त्यांपैकी एक. १९९५ साली राज्य शासनाने ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. पण ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी त्या आहेत, ही समजूत लोकांच्या मनात पक्की बसली.

ज्येष्ठांची वसाहत ही निराळी कल्पना आहे. येथे दांपत्य स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरात, स्वतःची किल्ली घेऊन राहते. वैद्यकीय मदत, भोजनगृह, स्वच्छता आणि सोबत मात्र सामायिक असते. पुण्यात परांजपे स्कीम्सने पाषाणला अशी वसाहत उभारली आणि तिला ‘अथश्री’ हे नाव दिले. मराठी माणूस ‘इतिश्री’ म्हणतो तेव्हा संपले असे समजायचे. ‘अथ’ म्हणजे आरंभ. नावातच सारा हेतू आला. पुढे बाणेर, बावधन अशा ठिकाणी त्याच नावाच्या वसाहती झाल्या. पिंपरी-चिंचवडच्या पलीकडे मावळातही ही चाल पोहोचली आहे : कामशेतला ‘गगन न्यूलाइफ’, तळेगावला आशियाना हाउसिंगचा ‘आमोध’. मुंबईकडच्या बाजूला नेरळ येथे डिग्निटी फाउंडेशनने माथेरानच्या पायथ्याशी ज्येष्ठांची वसाहत वसवली. पुणे-लोणावळा लोकल तळेगाव आणि कामशेतला थांबते, ही गोष्ट जाहिरातीतील तरणतलावापेक्षा अधिक मोलाची आहे. कारण तिच्यामुळे नातवाला सुटीच्या दिवशी एकट्याने आजोबांकडे येता येते.

दिवस कशाने भरतो

अशा वसाहतीतील दिनक्रम वरवर पाहता सगळीकडे सारखाच. सकाळी फिरणे, योगासने किंवा हास्यवर्ग; नाश्त्यानंतर वृत्तपत्रे आणि वाचनालय; दुपारी कॅरम, पत्ते, बुद्धिबळ; संध्याकाळी भजन, व्याख्यान किंवा नुसताच कट्टा. गणेशोत्सव, नवरात्रातील भोंडला, कोजागरी, दिवाळीचा फराळ, वाढदिवस, एखादी सहल. सूचनाफलक भरलेला दिसतो आणि पाहायला आलेल्या मुलांचे समाधान होते.

परंतु फलक भरलेला असणे आणि दिवस भरलेला असणे यांत अंतर आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक कार्यक्रमाला गर्दी होते. पुढे व्याख्यात्याच्या समोर तेच पंधरा-वीस चेहरे दिसू लागतात आणि बाकीचे खोलीत दूरदर्शनपुढे बसतात. व्यवस्थापनाने नेमलेला उत्साही तरुण नवा खेळ आणतो; ज्येष्ठ चार दिवस खेळतात आणि सोडतात. असे का होते?

याचे एक उत्तर अमेरिकेतील एका साध्या प्रयोगातून मिळते. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकट राज्यातील एका शुश्रूषागृहात तो केला आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील ९१ रहिवाशांचे दोन गट होते. एका मजल्यावरील लोकांना सांगण्यात आले की खोलीची मांडणी, वेळ कसा घालवायचा, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा हे तुम्ही ठरवा; आणि प्रत्येकाला एक रोप देऊन ते तुमच्या हातानेच जगवायचे असे सांगितले. दुसऱ्या मजल्यावरील लोकांनाही रोपे मिळाली, चित्रपटही दाखवला गेला. मात्र पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे होते आणि दिवस व्यवस्थापनाने ठरवला होता. तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातील माणसे अधिक सजग, अधिक हिंडती-फिरती आणि अधिक प्रसन्न आढळली. प्रयोग लहान होता. त्यावरून सगळ्या जगाचा निकाल लावता येणार नाही. तरी सोयी जवळजवळ सारख्या असताना फरक पडला तो पाणी कोणी घालायचे एवढ्याने, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ॲरिझोनातील ‘सन सिटी’ ही ज्येष्ठांची प्रसिद्ध नगरी १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली. गोल्फ आणि मनोरंजनासाठी तिचे नाव झाले. पण तेथील रस्त्याकडेचा कचरा उचलण्याचे काम रहिवाशांचाच स्वयंसेवक गट करतो. श्रीमंत देशातील निवृत्त माणसालाही केवळ खेळून दिवस पुरत नाही.

व्यापाऱ्याच्या बाबतीत हे दुपटीने खरे आहे. त्याने कधी छंद जोपासलेला नसतो. रविवारीही अर्धा दिवस दुकान उघडे असे. त्याला कॅरमच्या पटापाशी बसवून ‘मजा करा’ म्हणणे म्हणजे त्याचे आयुष्यभराचे कौशल्य बाजूला ठेवायला सांगणे. उलट ज्याने चाळीस वर्षे तांदूळ-डाळीची पारख केली, त्याला भोजनगृहाच्या कोठाराची जबाबदारी दिली, तर तो घाऊक बाजारात भाव काढील, काट्यावर माल पडताळून घेईल आणि महिन्याअखेरीस वहीत मेळही घालील. कापडवाल्याला पडदे आणि चादरी पाहू द्याव्यात. हार्डवेअरवाल्याला गळका नळ आणि सैल झालेला कठडा कोणी दाखवावा लागत नाही. हिशेबनीस म्हणून ज्याची हयात गेली, तो देखभाल खर्चाचा ताळेबंद पंधरा मिनिटांत वाचतो आणि नेमका तोच प्रश्न विचारतो जो बाकी कोणाला सुचलेला नसतो.

अशा समित्यांत भांडणे होतात. भाजी तिखट झाली, उद्वाहन दोन दिवस बंद राहिले, सहलीचा खर्च जास्त झाला. सभेत आवाज चढतात. पाहुण्याला हे अप्रिय वाटेल. पण ज्याला अजून भांडावेसे वाटते, त्याने ते घर आपले मानलेले असते. चिंता करावी ती सगळे गप्प असलेल्या वसाहतीची.

श्राविकेचे स्वयंपाकघर

आतापर्यंत गादीचाच विचार झाला. घरातील दुसरी गादी चुलीपाशी असते. दुकान सोपवण्याचा निर्णय पुरुष घेतो, पण वसाहतीत गेल्यावर अधिक बदलते ते स्त्रीचे आयुष्य. काही जणींना भोजनगृहाचे तयार ताट म्हणजे पन्नास वर्षांनी मिळालेली विश्रांती वाटते. काही जणींना तेच ताट टोचते, कारण लोणच्याची बरणी, पापडाचा डबा आणि सणाचा बेत यांवर त्यांची सत्ता होती. मुलीसाठी, नातवासाठी चार वस्तू करून ठेवणे हेच त्यांचे प्रेमाचे माध्यम होते. म्हणून निर्णयापूर्वी श्राविकेचे मत स्वतंत्रपणे विचारले पाहिजे आणि घरात लहानसे का होईना, स्वतःचे स्वयंपाकघर असलेली जागा निवडली पाहिजे.

जैन घराच्या दृष्टीने काही बाबी माहितीपत्रकात कधीच नसतात. त्या प्रत्यक्ष जाऊन पाहाव्या लागतात. कंदमुळांविना स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो की एकाच कढईत? उकळलेले पाणी वेळेवर मिळते का? चोविहार करणाऱ्यासाठी जेवण सूर्यास्तापूर्वी वाढले जाते का? हा शेवटचा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. पुण्याच्या परिसरात जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्याही आधी. भोजनगृहाचे कामगार साडेसातच्या पंगतीच्या हिशेबाने येतात. ऋतूप्रमाणे वेळ सव्वा तासाने पुढे-मागे करायची, तर आचाऱ्यांची पाळीच बदलावी लागते. हे एका कुटुंबाच्या विनंतीने होत नाही. दहा-बारा कुटुंबांनी मिळून मागितले, तर होते.

यावरून एक व्यावहारिक मार्ग सुचतो. एकट्याने जाण्यापेक्षा परिचित चार-सहा दांपत्यांनी एकाच वसाहतीत, एकाच सुमारास घरे घ्यावीत. सकाळच्या सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटे सोबत बसणारे कोणी असले की त्या दिवसाला आकार येतो. पर्युषणात प्रतिक्रमण एकत्र होते, आयंबिलाच्या ओळीत एकमेकांचा आधार मिळतो. मुंबई-पुणे मार्गावर विहार करणाऱ्या साधु-साध्वींना गोचरीची विनंती करण्याचे भाग्यही लाभू शकते. स्थानक, मंदिर किंवा उपाश्रय किती अंतरावर आहे आणि तेथवर चालत जाता येते की वाहनाची सोय लागते, हे आधी पाहावे. आनंद श्रावकाचा कोल्लाग त्याच्या आप्तांचा होता. आपलाही कोल्लाग शक्यतो तसाच असावा.

त्याच वेळी, वसाहत ही केवळ आपल्या समाजाची नसते हेही उमजले पाहिजे. शेजारी निवृत्त शिक्षिका असेल, कारखान्यातील जुना फोरमन असेल, लष्करातील अधिकारी असेल. ज्या कामगाराला एके काळी उधारीवर साखर दिली, त्याच्यासोबत आता बाकावर बसून चहा घ्यायचा आहे. अनेकांना हा अनुभव नवा असतो आणि हवाहवासाही वाटतो.

व्यवहाराची वही

भावना एका बाजूला ठेवून कागद वाचणे ही व्यापाऱ्याची सवय; ती येथे सोडू नये. काही ठिकाणी घर विकत मिळते, काही ठिकाणी ठेव देऊन राहण्याचा हक्क मिळतो, तर काही ठिकाणी मासिक शुल्क भरायचे असते. विकत घेतलेल्या घराचा वारस मुलगा होतो, पण वयाची अट असल्यास त्याला तेथे राहता येत नाही, फक्त विकता येते किंवा दुसऱ्या ज्येष्ठाला देता येते. ठेव परत कधी आणि किती मिळेल? देखभाल शुल्क दरवर्षी किती वाढेल आणि ते ठरवण्यात रहिवाशांचा सहभाग आहे काय? अंथरुणाला खिळल्यास शुश्रूषा तेथेच होईल की घर सोडावे लागेल? आणि पती-पत्नींपैकी एक मागे राहिल्यास करार जसाच्या तसा चालू राहील का? ही सर्व उत्तरे तोंडी न घेता करारात लिहून घ्यावीत.

बांधकामाविषयी केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिले. चाकाची खुर्ची जाईल अशी निदान ९०० मिलिमीटर रुंदीची दारे, उद्वाहन, पायरीऐवजी उतार, स्नानगृहात आधाराच्या दांड्या आणि न घसरणारी फरशी, वीज गेल्यास जनित्र, या गोष्टी त्यांत येतात. प्रकल्प पाहायला जाताना खिशात मोजपट्टी ठेवण्यास हरकत नाही. चाकण-तळेगाव रस्त्यावरील अवजड वाहनांची कोंडी सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून रुग्णालयाचे अंतर किलोमीटरमध्ये न विचारता, संध्याकाळी सहा वाजता तेथून प्रत्यक्ष जाऊन मिनिटांत मोजावे.

एक बाब विशेष जपण्याची. वसाहतीत जाताना अनेक जण राहते घर आणि दुकान मुलांच्या नावे करून मोकळे होतात. ‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम’ २००७ साली आला. त्याच्या २३ व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. त्यासाठी बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट लिहिलेली असणे हिताचे. अशी अट घालणे म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे. भागीदारीचे पत्र आपण सख्ख्या भावांतही करतोच. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. ते कार्ड काढून ठेवावे. अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

जे घर सोडणार नाहीत त्यांच्यासाठी

सर्वांनी वसाहतीत जावे असा याचा अर्थ नाही. बहुसंख्य जाणारही नाहीत. त्यांच्यासाठी उद्योगनगरीने आपली वाट आधीच शोधली आहे. महानगरपालिकेची विरंगुळा केंद्रे आणि वस्तीवस्तीतील ज्येष्ठ नागरिक संघ हीच भिंतींविना उभी राहिलेली ज्येष्ठांची वसाहत होय. राज्यातील अशा संघांचा महासंघ ‘फेस्कॉम’ १९८० मध्ये स्थापन झाला. संघाची वर्गणी अल्प, व्यवहार पारदर्शक आणि सारे काम सभासदांच्याच हाती. पंच्याहत्तरीपुढील ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, तेव्हा तीर्थयात्रेचा बेतही संघातच शिजतो.

आपल्या स्थानकांतून आणि मंदिरांतूनही असे काही घडू शकते. प्रवचनानंतर दहा वाजता सभागृहाला कुलूप लागते आणि संध्याकाळी उघडते. मधल्या वेळेत ते ज्येष्ठांना दिले, तेथे वाचनालय मांडले, शाळकरी मुलांना हिशेब शिकवण्याचे काम जुन्या व्यापाऱ्यांकडे दिले, तर नवी इमारत न बांधताही एक मोठी सोय उभी राहील. किल्ली मात्र ज्येष्ठांच्याच हाती द्यावी.

मागे राहिलेल्याची परीक्षा

वसाहत असो, संघ असो वा घर असो, सामुदायिक जीवनाची खरी कसोटी एका प्रसंगी लागते. दोघे म्हणून आलेल्या दांपत्यापैकी एक जण जातो. मुले येतात, विधी होतात, उठावणा होतो, आणि आठवड्याभरात मुलांना परतावे लागते. त्यानंतरच्या पहिल्या सकाळी त्या दाराची घंटा कोण वाजवतो? वसाहतीच्या नोंदवहीतील कर्मचारी, की रोज सामायिकाला शेजारी बसणारी मैत्रीण? “चला, तुमच्यावाचून आज कोठाराचा हिशेब अडला आहे,” असे म्हणणारे कोणी आहे काय? माणसाला त्या दिवशी सांत्वनापेक्षा हे बोलावणे उठवून उभे करते.

मुलांचे कर्तव्यही येथेच स्पष्ट होते. आई-वडील वसाहतीत आहेत म्हणजे जबाबदारी शुल्कासह चुकती झाली, असे मानणे हा आपल्याच खात्यातील खोटा जमाखर्च ठरेल. आठवड्याचा एक ठरलेला वार, सणाला घरी आणणे, नातवंडांची सुटी आणि अधूनमधून धंद्यातील एखाद्या खऱ्या अडचणीवर मागितलेला खरा सल्ला, एवढे तरी राहिलेच पाहिजे. खोटे विचारू नये. वृद्ध व्यापारी ते तत्काळ ओळखतो.

समाज काय म्हणेल, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे जागेवर अवलंबून नाही. वडिलांना विचारल्याविना वसाहतीत नेऊन सोडले, तर समाजाने बोलावेच. घरातच ठेवले आणि दिवसभर त्यांच्याशी कोणी बोलले नाही, तर तेही समाजाला दिसायला हवे. मात्र आई-वडिलांनी स्वतः ठरवले, आप्तांना बोलावून सर्वांसमक्ष किल्ल्या सोपवल्या आणि पुढचे काम निवडून ते निघाले, तर तो निरोप आनंद श्रावकाच्या घरच्या त्या भोजनासारखाच मंगल मानावा. दुकानाची किल्ली देताना हात थरथरतो, हे खरे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हाती वाचनालयाची, कोठाराची किंवा स्थानकाच्या दाराची किल्ली यावी आणि ते दार उघडण्याची कोणी तरी वाट पाहत उभे असावे, एवढी तजवीज आपण सर्वांनी मिळून करायची आहे.